आठ महिने देवळालीकर

सांगा पाहू, घट बसायच्या सुमाराला देवळाली प्रवरात कालव्याच्या कडेकडेनं तुरुतुरु चालत कोण येतं? राखाडी पाठ, पांढरं पोट, छातीवर काळी चंद्रकोर, आणि दर दोन पावलांनी शेपटी खाली-वर, खाली-वर!

ओळखलंत? धोबी. पांढरा धोबी. चिमणीपेक्षा थोडा लांबट, पण वजन जेमतेम २०-२५ ग्रॅम. लांबून ओळखायची एक सोपी खूण लक्षात ठेवा. चिमणी जमिनीवर टुणटुण उड्या मारते. धोबी उड्या मारत नाही, तो पावलं टाकत चालतो. मध्येच पळतो, माशी गट्ट करतो आणि पुन्हा ऐटीत चालू लागतो.

आता आधी पत्ता सांगून टाकू, म्हणजे घोटाळा नको. ही देवळाली नाशिकजवळची लष्करी छावणीची नव्हे. ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातली, उसाच्या मळ्यांत बसलेली. पक्षी बघायचे म्हटलं की मोठी माणसं दुर्बिणी गळ्यात अडकवून जायकवाडीला नाहीतर नांदूरमध्यमेश्वरला निघतात. जायला हवंच, तिथं बदकांचे थवेच्या थवे असतात. पण आपल्याला आज गाडी नको आणि डबाही नको. परसदार, शाळेचं मैदान, नगरपालिकेची बाग, गोठा, विजेच्या तारा आणि कालवा एवढं पुरे. पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागलं की इथंच एक मोठी अदलाबदल सुरू होते.

कोण कोण आलंय बघा

धोब्यापासूनच सुरुवात करू. नीट पाहिलंत तर तो एकटा नाही, त्याचे भाऊबंदही आलेत. ओल्या शेतात, गाईच्या पायांत घुटमळणारा पिवळा धोबी. वाहत्या पाण्याजवळ एकटाच हिंडणारा करडा धोबी. हा भारी फसवतो. नाव करडा, पण पोटाखालून पिवळा! म्हणून पोट बघून घाई करायची नाही, पाठ बघायची. पाठ राखाडी आणि शेपटी खूप लांब असेल, तर तो करडा.

मग गोठ्याच्या भिंतीकडे वळा. तिथं एक काळा-तांबूस पक्षी बसलेला असतो आणि त्याची शेपटी सारखी थरथरत असते. तो थिरथिरा. नर वरून काळा आणि पोटाशी विटकरी. मादी साधी तपकिरी, पण शेपटी तिचीही तांबूस. कुंपणाचा खांब, पडकी भिंत, लाकडांचा ढीग या त्याच्या बसायच्या जागा. खाली किडा दिसला की झेप घेतो आणि परत जागेवर.

आंब्याच्या किंवा वडाच्या झाडाखाली उभे राहा आणि कान द्या. बारीक 'ट्रर्रर्र' असा आवाज आला तर वर पाहा. एक इवलासा पक्षी शेपटी उभारून फांदीवर बसलेला असेल. हा लाल छातीचा माशीमार. हा पार पूर्व युरोपातून आणि पश्चिम आशियातून आपल्याकडे येतो. नराच्या गळ्याशी केशरी डाग असतो, मादी आणि पिल्लांना तो नसतो.

विजेच्या तारेवर ओळीनं बसलेल्या, दुभंगलेल्या शेपटीच्या काळ्या-निळ्या माळभिंगऱ्या दिसतील. त्याच तारेवर दसऱ्याच्या आसपास नीलपंखही दिसेल. आपला नीलपंख छातीला तपकिरी-जांभळट असतो. पण डोकं, मान, छाती सगळंच निळं असेल तर थांबा! तो युरोपातला नीलपंख. तो इथं मुक्काम करत नाही. आपल्या तारांवर दोन-चार दिवस बसतो, नाकतोडे खातो आणि आफ्रिकेकडे निघून जातो. असा वाटसरू हातचा सुटला तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघा.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी आभाळात भोरड्यांचा थवा. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. शेकडो पक्षी एकदम वळतात, एकदम खाली येतात आणि कलकलाट करत बाभळीवर उतरतात. ज्वारीवाले शेतकरी भोरड्यांचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या कणसांवर पडतात आणि मग माळ्यावर चढून गोफण फिरवावी लागते. पण याच भोरड्या शेतातले नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात, हे त्यांच्या बाजूनं कुणीतरी सांगायला हवं ना? म्हणून आपण सांगितलं.

मानेत भाला घेऊन आलेला करकोचा

इतर दिवसांत हे पक्षी असतात कुठं? आज आपल्याला उत्तर माहीत आहे, पण हजारो वर्षं माणसांना ते कोडंच होतं. ग्रीसमधला ॲरिस्टॉटल केवढा हुशार! त्यालाही वाटत होतं की थिरथिऱ्याच्या जातीचे पक्षी थंडीत रूप बदलून दुसरेच पक्षी होतात. भिंगऱ्या तळ्याच्या चिखलात झोपून हिवाळा काढतात, असं युरोपात कितीतरी लोक मानत.

मग १८२२ साली जर्मनीत एक पांढरा करकोचा सापडला. त्याच्या मानेत एक लांब भाला आरपार रुतलेला होता, आणि भाला होता आफ्रिकेतला! कुणा शिकाऱ्यानं तो आफ्रिकेत मारला होता आणि हा पठ्ठ्या तसाच उडत जर्मनीला परतला होता. पक्षी हिवाळ्यात झोपत नाहीत, रूपही बदलत नाहीत, ते हजारो किलोमीटर लांब जातात याचा याहून ठळक पुरावा कोणता? तो करकोचा भाल्यासकट आजही रोस्टॉक इथल्या विद्यापीठात ठेवलेला आहे.

आता भाल्याची गरज नाही. पक्ष्याला जाळ्यात अलगद पकडतात, पायात हलकंसं कडं घालतात आणि सोडून देतात. कड्यावर नंबर असतो. आपल्याकडे हे काम १८८३ साली मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं वर्षानुवर्षं केलंय. अशा कड्यांमुळेच कळलं की धोब्यांसारखे पक्षी कित्येकदा दर हिवाळ्यात त्याच गावी, अगदी त्याच जागी परत येतात. म्हणजे यंदा तुमच्या अंगणात आलेला धोबी गेल्या वर्षीचाच असू शकतो बरं का!

निघायची वेळ झाली, हे सांगतं कोण?

पांढरा धोबी हिमालयापलीकडे मध्य आशियात आणि सैबेरियात अंडी घालतो. तुम्ही म्हणाल, तिकडे बर्फ पडायला लागला की निघत असेल. चूक! बर्फ पडेपर्यंत थांबला तर खायला किडे कुठले? उपाशीपोटी एवढा प्रवास कसा होणार? त्याला आधीच निघावं लागतं. मग थंडी यायच्या आधी थंडी येणार हे कळतं कसं?

दिवसाच्या लांबीवरून. भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि सप्टेंबरचं पान उघडा. रोजच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा तिथं छापलेल्या असतात. आपल्याकडे त्या महिन्यात दिवस रोज साधारण एका मिनिटानं लहान होतो. एका मिनिटाचा फरक आपल्या लक्षातसुद्धा येत नाही. पण उत्तरेला, ६० अंश अक्षांशावर, तोच दिवस रोज साडेपाच मिनिटांनी आखडत असतो! तिथं जूनमध्ये जवळजवळ १९ तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरात सहा तासांचाही नसतो. उजेडाची एवढी घाईची घसरण पक्ष्याला कळल्याशिवाय राहत नाही.

आणि ती कळते कुठून, तर नुसती डोळ्यांतून नाही. पक्ष्यांची कवटी इतकी पातळ असते की थोडा उजेड तिच्यातून आत झिरपतो. मेंदूच्या आत, खोलवर, त्या उजेडाची नोंद घेणाऱ्या खास पेशी असतात. पक्ष्याला अक्षरशः डोक्यातून उजेड कळतो! दिवस आखडू लागला की त्याच्या शरीरात बदल सुरू होतात. भूक वाढते, अंगावर चरबी चढते. लांब पल्ल्याचे काही छोटे पक्षी तर निघण्याआधी जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात. तीच त्यांची प्रवासातली शिदोरी.

वाट दाखवायला कुणी नाही!

वेळ कळली. पण रस्ता? माशीमारासारखे कितीतरी छोटे पक्षी रात्री उडतात. अंधारात दक्षिण कुठली हे कसं समजतं?

अमेरिकेत १९६०च्या दशकात स्टीफन एम्लेन नावाच्या शास्त्रज्ञानं एक झकास युक्ती केली. टीपकागदाचं नरसाळं केलं, त्याच्या तळाशी शाईची गादी ठेवली, वर जाळी टाकली आणि आत एक पक्षी सोडला. पक्षी उडायची धडपड करी तेव्हा शाईनं माखलेल्या पायांचे ठसे कागदावर उमटत. तो कोणत्या दिशेला जाऊ पाहतो, हे पक्षी स्वतःच लिहून देत होता! हे नरसाळं एम्लेन यांनी तारांगणात नेलं. छतावरचं ताऱ्यांचं चित्र फिरवून उत्तरेचं दक्षिणेला केलं, तर पक्ष्यांच्या पायांचे ठसेही उलट दिशेला उमटले. म्हणजे ते तारे वाचत होते. दिवसा सूर्य, रात्री तारे आणि ढग आले तर पृथ्वीचं चुंबकत्व, अशा तिन्ही खुणा पक्षी वापरतात, हे आता पक्कं झालंय.

तरी एक प्रश्न उरतोच. पहिल्यांदाच निघालेल्या पिल्लाला कुठल्या दिशेला जायचं ते कोण सांगतं? यासाठी नेदरलँड्समधल्या ए. सी. पर्डेक यांनी मोठाच उद्योग केला. हेग शहराजवळ त्यांनी ११,००० हून जास्त मैना पकडल्या. आपल्या भोरडीच्या चुलतबहिणीच या. त्यांना कडी घातली आणि विमानानं थेट स्वित्झर्लंडला नेऊन सोडलं. एरवी या मैना नैऋत्येला उडून उत्तर फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये हिवाळा काढत. आता काय झालं असेल?

मोठ्या मैनांनी चूक सुधारली. 'अरेच्चा, आपण भलतीकडेच आलो' हे त्यांना उमगलं, त्यांनी दिशा बदलली आणि त्या बऱ्याचशा नेहमीच्या ठिकाणी पोचल्या. पण त्या वर्षीची पिल्लं? ती नैऋत्येलाच निघाली आणि दक्षिण फ्रान्सात, स्पेनमध्ये जाऊन उतरली! पर्डेक यांनी १९५८ साली हे छापलं. दिशा पिल्लं जन्मतःच घेऊन येतात. गाव मात्र एकदा जाऊन आल्यावर ओळखीचं होतं.

याचा देवळालीतला पुरावा हवाय? चातक घ्या. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. जूनमध्ये पावसासोबत तो आफ्रिकेकडून येतो आणि सातभाईंच्या घरट्यात गुपचूप अंडी घालतो. पिल्लाला वाढवतात सातभाई. ते तर जन्मभर तुमच्या परसातून फारसे हलत नाहीत. चातकाच्या पिल्लानं आपले खरे आईबाप कधी पाहिलेले नसतात. तरी शरद ऋतूत ते पिल्लू एकटं उठतं आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातं! शिकवणी नाही, सोबत नाही, नकाशा नाही.

देवळालीतच का?

देवळाली सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. पाऊस इथं बेताचाच. पण पलीकडे डोंगरात, रतनगडाजवळ प्रवरा उगम पावते आणि तिथलं पाणी अडवायला भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. ते पाणी प्रवरेच्या उजव्या कालव्यानं आपल्या शिवारात येतं. आवर्तन सुटलं की चाऱ्या वाहू लागतात, उसाला भरणं सुरू होतं, आणि धोब्यांची मेजवानीही सुरू होते.

हे एकदा मुद्दाम जाऊन बघा. दारं धरणाऱ्या काकांजवळ बांधावर उभे राहा. वाफ्यात पाणी शिरतं तसे जमिनीतले रातकिडे, मुंग्या, अळ्या जीव वाचवायला वर येतात. पाण्याच्या पुढच्या कडेनं धोबी धावत असतात. त्यांच्या मागं गायबगळे. वरच्या तारेवर कोतवाल टपलेला. पाणी जसजसं सरकतं, तशी ही पंगतही सरकते. ऐन कोरड्या दिवसांत एवढी ओल आणि एवढे किडे मिळणार असतील, तर कुठला धोबी नको म्हणेल?

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीची कुटुंबं येतात आणि शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतली मुलं पहाटेपासून शिवारात असतात. ऊस पडला की आतून काय काय पळतं आणि त्यावर कोण कोण झेपावतं, हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं. त्यांच्याशी दोस्ती करा. त्यांच्या गावाकडच्या माळावर कोणते पक्षी आहेत तेही विचारा. पक्ष्यांच्या बाबतीत ती तुमच्या दोन पावलं पुढंच असतील.

मग पाहुणा कोण?

आता जरा बोटं मोजा. भोरड्या आपल्याकडे जुलैअखेर-ऑगस्टपासून येऊ लागतात आणि एप्रिलात जातात. म्हणजे जवळजवळ आठ महिने त्यांचा मुक्काम इथं! कझाकस्तानसारख्या मध्य आशियातल्या देशांत त्या मे-जूनमध्ये अंडी घालतात, पिल्लांना नाकतोडे भरवतात, पिल्लं उडाली की परत फिरतात. तिथं टोळांचा इतका सुकाळ असतो की चीनच्या शिनजियांग भागात, फवारणीऐवजी टोळ खायला भोरड्या याव्यात म्हणून लोकांनी दगडांचे ढीग रचून त्यांना घरट्यांची सोय करून दिलीय. आपण गोफण फिरवतो, ते घर बांधून देतात! धोबीही सप्टेंबरअखेर येतो तो मार्च-एप्रिलपर्यंत इथंच. सहा-सात महिने झालेच की.

तरी आपण त्यांना 'परदेशी पाहुणे' म्हणतो. आठ महिने राहतो तो पाहुणा कसा? बाळंतपणाला लेक माहेरी जाते, बाळाला घेऊन आपल्या घरी परत येते, तशीच ही मंडळी पिल्लांपुरती उत्तरेला जातात. तिकडे तेव्हा उजेड लांबलचक, किडे मुबलक, चोचीनं भरवायला वेळच वेळ. आपल्याकडे त्या वेळी मे महिन्याचा फुफाटा. म्हणजे जातात हे शहाणपणाचंच. पण वर्षातले जास्त दिवस ती कालव्याचं पाणी पितात, आपल्या बांधावरचे किडे खातात, आपल्या बाभळीवर झोपतात. मग ती देवळालीकर नाहीत तर कोण?

आणि चातक? तो इथं जन्मतो, पण त्याच्या वर्षाचा मोठा हिस्सा आफ्रिकेत जातो. त्याला देवळालीकर म्हणायचं की आफ्रिकेचा? या कोड्यावर घरी भांडण लावून द्या, मजा येईल.

तुमची वही, तुमचं विज्ञान

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी जंगलावर मराठीत भरभरून लिहिलं आणि पक्ष्यांच्या नावांचा 'पक्षिकोश' केला. १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. त्यांनी साऱ्या देशाला पक्षी बघायला शिकवलं. २०२०पासून राज्य सरकारही हा सप्ताह मानतं. पण तुम्ही सप्ताहाची वाट बघू नका. तोवर निम्मी मंडळी येऊन स्थिरावलेली असतात.

एक वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, वेळ, जागा, पक्षी, काय करत होता. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही उत्तम वेळ. भडक रंगाचे कपडे नकोत, धावाधाव नको, दगड तर मुळीच नको. कालव्याजवळ जायचं तर मोठं माणूस बरोबर हवंच. दुर्बीण नसली तरी चालेल. धोबी दहा पावलांवर येतो. अंगणात पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. पक्ष्याचं नाव येत नसेल तर चित्र काढा आणि शेपटी हलते कशी ते लिहा. शेपटीवरूनच निम्मे पक्षी ओळखू येतात.

सगळ्यांत महत्त्वाची नोंद म्हणजे 'पहिला दिसला' ही तारीख. भारतात २००७ साली 'मायग्रंटवॉच' नावाचा उपक्रम सुरू झाला तो याचसाठी. स्थलांतर करणारे पक्षी आपल्या गावात पहिल्यांदा कधी दिसले, एवढंच लोकांनी कळवायचं. हवामान बदलतंय तसे पक्षी लवकर येतात की उशिरा, हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही. त्यासाठी गावोगावच्या तारखा लागतात. आता अशा नोंदी 'ई-बर्ड'वर ठेवता येतात. ताई-दादाची मदत घ्या.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मे महिन्यातही कालव्याच्या दगडावर एखादा धोबी शेपटी हलवताना दिसला, तर लगेच 'पांढरा धोबी गेलाच नाही' असं लिहू नका. डोकं आणि पाठ काळीभोर, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असेल तर तो कवडी धोबी. त्याला हिमालयापलीकडे काही काम नाही. तो बारा महिने इथलाच. पाण्याकाठच्या भोकात, पुलाखाली घरटं करतो आणि छान शीळ घालतो.

तर यंदा धोब्याच्या दोन तारखा लिहायच्या, पहिला दिसला ती आणि शेवटचा दिसला ती. एप्रिलात परीक्षा आटोपली की दोन्ही तारखांमधले दिवस मोजा. उत्तर वर्षाच्या निम्म्याहून जास्त आलं, तर तुमच्या वर्गाच्या फळ्यावर गावातल्या रहिवाशांच्या यादीत त्याचंही नाव लिहा.